शेतातला सोल आणि शहरातली फरशी: मागच्या पट्ट्याच्या सँडलची पारख

जळगाव, धुळे, नंदुरबारकडून मुंबईला किंवा सुरतेला कामासाठी जाणाऱ्या माणसाने पायात काय घालावं, एवढ्यापुरतंच हे परीक्षण आहे. शिफारस एकाच वस्तूची आहे: मागे पट्टा असलेली, रबरी तळाची, कडेने शिवलेली सँडल. दुकानदार हिला स्पोर्ट सँडल म्हणतात आणि साधारण 800 ते 1500 रुपयांत बरी जोडी मिळते. कंपनीचं नाव मुद्दाम घेतलेलं नाही. एकाच कंपनीच्या दोन जोड्यांचे सोल वेगवेगळ्या मालाचे निघतात, त्यामुळे डब्यावरचं नाव वाचण्यापेक्षा सँडल उलटी करून पाहणं जास्त कामाचं.

शहरात चालणं गावातल्या चालण्यापेक्षा वेगळं असतं, आणि पाय दुखायचं कारण नुसतं अंतर नसतं. रात्रीची गाडी पकडून सकाळी सीएसएमटीला उतरलं, की आधी भुयारी मार्गाच्या पायऱ्या. मग दादाभाई नौरोजी रस्त्याच्या कमानींखालून हुतात्मा चौक, आणि पुढे मंत्रालय. हे सगळं अडीच-तीन किलोमीटरच्या आतबाहेर आहे. एवढं तर आपल्याकडे स्टँडवरून घरी येतानाही होतं. पण तिथे एका दमात चालता येत नाही. सिग्नलला थांबा, गर्दीत अर्धी पावलं टाका, पेव्हर ब्लॉकची उचललेली कड चुकवा, पुन्हा पायरी चढा. त्यात दगड, काँक्रीट, फरशी असं सगळंच कडक. मातीच्या रस्त्यावर माती थोडी दबते आणि धक्का पोटात घेते. फरशी काहीच घेत नाही, सगळा भार टाचेवर परत येतो. दोन कामं आणि एक दवाखाना केला, की दिवसाला 10 किलोमीटर सहज होतात. त्यातला बराच वेळ रांगेत उभं राहण्यात जातो, आणि उभं राहणं चालण्यापेक्षा जास्त दुखवतं.

सुरतेचं तर आणखी वेगळं. उधना, लिंबायत भागात आपली माणसं एवढी आहेत, की तापीकाठच्या गाडीत बसलेल्या निम्म्या लोकांचं तिकडे कोणी ना कोणी असतं. रिंग रोडवरच्या कापड मार्केटांत शिरलं, की मजल्यामागे मजले, गुळगुळीत फरशी, आणि गठ्ठे डोक्यावर घेतलेले हमाल मागून येत असतात. तिथे पाय घसरून चालत नाही, आणि चप्पल मागे राहूनही चालत नाही.

आता सोलबद्दल, कारण निवड इथेच चुकते. आपल्याकडे मजबूत चप्पल म्हणजे तळाला खोल गुटके, म्हणजे रबराचे ठोकळे, असलेली चप्पल, अशी समजूत पक्की आहे. काळ्या मातीत ती बरोबर आहे, कारण गुटका मातीत रुततो आणि पकड देतो. पण ओल्या गुळगुळीत फरशीत रुतायला काहीच नसतं. तिथे जेवढं रबर फरशीला टेकेल तेवढी पकड, आणि खोल गुटक्यांमुळे टेकणारं रबर कमी होतं. जुलैत कमानींखालची फरशी ओली असते तेव्हा शेतातली दणकट चप्पल सर्रकन जाते ती यामुळे. शहरासाठी सोल बऱ्यापैकी सपाट हवा. नक्षी 2 ते 3 मिलिमीटर खोल, आणि पाणी बाहेर निघायला कडेपर्यंत गेलेल्या बारीक चिरा. मध्येच बंद होणाऱ्या चौकोनी खणांत पाणी अडकतं, ते नको.

सोलचा माल चार प्रकारांत मोडतो. ईव्हीए म्हणजे फुग्यासारखा हलका फोम. नवा असताना पायाला फार सुख देतो, म्हणून दुकानात चार पावलं चालून लोक भुलतात. पण तो दाबला गेला की पूर्ण वर येत नाही. टाचेखाली खळगा पडतो आणि काही महिन्यांत माणूस जवळजवळ जमिनीवरच चालू लागतो. उष्णतेने तो आणखी नरम होतो. मे महिन्यात हवा 45 अंशांवर गेली, की उन्हातलं डांबर 60 अंशांच्या पुढे तापतं, आणि अशा तपनीत फोमचा तळ लवकर झिजतो. असली सँडल गाडीच्या काचेखाली उन्हात ठेवली तर आकसतेसुद्धा. पीव्हीसी स्वस्त आणि जड, ओल्या फरशीवर सगळ्यात दगाबाज. ती सरळ बाजूला ठेवा. पीयू म्हणजे पॉलियुरेथेनचा फोम, उशी म्हणून उत्तम, महिनोन्‌महिने दबून बसत नाही. मात्र ओलसर हवेत वर्षानुवर्षं पडून राहिला तर हवेतल्या पाण्याने आतून तुटतो आणि एक दिवस चालता चालता त्याचा चुरा होतो. लग्नासाठी घेतलेली आणि कपाटात तीन-चार वर्षं जपून ठेवलेली सँडल प्रवासात फाटते, त्यामागे बहुधा हेच कारण असतं. म्हणून 'जुना स्टॉक, निम्म्या किमतीत' असं म्हणत कोणी पीयू सोल पुढे केला तर नको म्हणा. राहिलं रबर. जड असतं, पण पकड धरतं आणि तापलेल्या डांबरावर टिकतं.

म्हणून सगळ्यात चांगली जोडी म्हणजे वर पीयूची किंवा जरा कडक ईव्हीएची उशी आणि खाली किमान 3 मिलिमीटर जाडीचा रबरी थर. टाचेखाली एकूण जाडी 25 ते 30 मिलिमीटर, पंज्याखाली त्याहून सेंटीमीटरभर कमी. 8 नंबरची एक सँडल 300 ते 350 ग्रॅम भरली तर ठीक. फारच हलकी लागली तर खालचा थर रबराचा नाही, नुसत्या फोमवर नक्षी काढली आहे असं समजावं. नखाने दाबून पाहा: फोमवर खूण राहते, रबरावर राहत नाही.

दुकानात आणखी तीन गोष्टी हातानेच कळतात. टोक आणि टाच धरून सँडल वाकवा. ती पंज्याच्या जागी वाकली पाहिजे, जिथे पाय वाकतो तिथेच. मधोमध वाकली तर तळपायाची कमान दिवसभर ताणली जाईल. मग पिळून पाहा. ओल्या फडक्यासारखी पिळली गेली तर पेव्हर ब्लॉकच्या कडेवर पाय मुरगळायची भीती. तिसरं, पट्टा सोलमध्ये कुठे शिरतो ते बघा. सोलच्या आतल्या थरातून पार गेलेला पट्टा टिकतो. कडेला नुसता सोल्युशनने चिकटवलेला पट्टा आपल्या उन्हाळ्यात सुटतो, कारण गरम डांबरावर सोल्युशन नरम पडतं. कडेने टाका मारलेला असेल तर दोरा खाचेत बसलेला हवा. वर उघडा राहिलेला दोरा जमिनीला घासून महिन्याभरात तुटतो. टाका नसेल आणि बाकी सगळं मनासारखं असेल तर जोडी घेऊन ओळखीच्या चर्मकाराकडून नायलॉनच्या दोऱ्याने चहूबाजूंनी शिवून घ्या. सोलच्या कडेला खाच पाडून टाका आत बसवा, एवढं मात्र सांगायलाच हवं.

फरशीची परीक्षाही दुकानातच होते. बाटलीतलं थोडं पाणी फरशीवर टाका, सँडल घालून टाचेवर भार द्या आणि पुढे सरकवून बघा. चांगला दुकानदार याला हरकत घेत नाही.

मापाबाबत घाई करू नका. जोडी संध्याकाळी घ्यावी, कारण दिवसभरात पाय थोडा सुजतो आणि सकाळी बरोबर बसलेली सँडल संध्याकाळी काचते. दोन्ही पायांत घालून उभं राहून बघावं. बहुतेकांचा एक पाय किंचित मोठा असतो, माप त्याचं धरावं. बोटांपुढे अर्धा ते एक सेंटीमीटर सोल उरला पाहिजे, टाच मागच्या कडेबाहेर येता कामा नये. आपल्याकडच्या मापात एका नंबराचा फरक साधारण साडेआठ मिलिमीटरांचा असतो, त्यामुळे 'एक नंबर मोठी घ्या, पट्ट्याने आवळा' हा सल्ला ऐकू नका. आवळून पाय पुढे सरकायचा थांबत नाही, उलट पट्ट्याखाली फोड येतात. पट्टे मात्र तिन्ही ठिकाणी, म्हणजे बोटांवर, पायाच्या उंचवट्यावर आणि टाचेमागे, कमी-जास्त करता येणारेच हवेत. रात्रभर गाडीत पाय लोंबते ठेवून बसलं की सकाळी घोट्याखाली सूज असते. तेव्हा पट्टा दोन बोटं सैल करता येणं हीच या सँडलची बुटापेक्षा मोठी सोय आहे.

वेल्क्रो की बक्कल? वेल्क्रो झटपट लागतो, देवळाबाहेर काढघाल करायला सोपा. पण कापसाच्या मुलखात त्याची एक अडचण आहे: हवेतला आणि कपड्यांवरचा कापूस त्याच्या आकड्यांत बसतो आणि पकड जाते. जुन्या दातांच्या घासणीने किंवा सुईने आठवड्याला साफ केलं तर बराच काळ चालतो. साडी नेसणाऱ्या बाईने वेल्क्रो टाळलेलाच बरा. साडीचा काठ आकड्यांत अडकून धागा ओढला जातो, आणि पुलाच्या पायऱ्या उतरताना तसं झालं तर तोल जातो. त्यांच्यासाठी चपटी बक्कल असलेली जोडी शोधावी. दुकानात ती मागच्या फळीवर असते, मागून घ्यावी लागते. बायकांच्या सँडलमध्ये पुढचा भाग उगाच निमुळता करतात. करंगळी सोलच्या बाहेर लोंबत असेल तर पुरुषांच्या विभागातली लहान मापाची जोडी बघायला संकोच करू नये.

नवी सँडल प्रवासाच्या आदल्या दिवशी घेऊ नका. आठ-दहा दिवस आधी घ्या, पहिले दोन दिवस घरात तासभर, मग रोज दोन-तीन किलोमीटर. जिथे लाल होतं तिथे प्रवासाच्या दिवशी आधीच व्हॅसलीन किंवा खोबरेल तेल लावा. फोड येतो तो घासण्याने आणि ओलाव्याने, म्हणून पावसात सुती मोजा घालून सँडल वापरणं सगळ्यात वाईट. भिजलेला मोजा सुकतच नाही. फोड आलाच तर फोडू नये, वर चिकटपट्टी लावून पट्ट्याची जागा बदलावी.

मधुमेह असलेल्यांसाठी ही शिफारस नाही. परळला केईएम किंवा टाटा रुग्णालयात माणूस घेऊन जाणाऱ्यांत मधुमेही पुष्कळ असतात, म्हणून हे वेगळं सांगायला हवं. पायाची संवेदना कमी झाली असेल तर उघड्या बोटांना ठेच लागलेली कळत नाही. त्यांनी डॉक्टरांना विचारून एमसीआर, म्हणजे बारीक छिद्रांच्या, रबराच्या मऊ तळाचं, पुढून झाकलेलं आणि मागून पट्टा असलेलं पायताण घ्यावं, अंगठ्याचं पायताण तर घालूच नये, आणि रोज संध्याकाळी आरशात तळवा पाहावा.

मुक्ताईनगरहून पंढरपूरला पायी जाणाऱ्या वारकऱ्यांचं किंवा चैत्रात सप्तशृंगगडाकडे निघणाऱ्यांचं चालणं यात धरलेलं नाही. ते दिवसचे दिवस, एका लयीत, बहुतांशी डांबरावर चालतात. त्यांना उशी जास्त लागते आणि फरशीवरची पकड कमी लागली तरी चालते. तिकडची आवडती जोडी शहरात कामाला येईलच असं नाही.

भिजलेली सँडल उन्हात वाळत घालू नका, सोल्युशन सुटतं. आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून पंख्याखाली ठेवा. आणि महिन्यातून एकदा जोडी सपाट टेबलावर ठेवून मागून डोळ्यांच्या पातळीवर बघा. टाचेची बाहेरची कड झिजून सँडल एका बाजूला कलली असेल, तर वरचे पट्टे कितीही नवे दिसोत, त्या जोडीवर शहरात जाऊ नका. कलल्या टाचेने आधी घोटा आणि मग गुडघा दुखतो. झीज 3 मिलिमीटरांच्या आत असेल तर चर्मकार टाचेला रबराचा तुकडा लावून देतो. रबर संपून उशी दिसू लागली असेल तर ती जोडी गावात वापरायला ठेवावी.