जुना ट्रान्झिस्टर: सेल बदलायचे, तार जोडायची की पॅडवर झोपवायचा?

थ्री फेजची पाळी रात्रीची असली की रावेर-यावलकडे केळीच्या मळ्यात अजूनही एखादा ट्रान्झिस्टर सोबतीला वाजतो. आमच्याकडे असे दोन आहेत: आबांचा तीन सेलचा, चामडी कव्हरातला, आणि मामांचा चार सेलचा. मोबाइलसारखे तेही बिनतारी चार्जिंगच्या पॅडवर ठेवून चार्ज करायचं खूळ गेल्या हिवाळ्यात माझ्या डोक्यात शिरलं.

तुम्हालाही ते करायचं असेल, तर आधी सेल मोजा. तीन सेल म्हणजे साडेचार व्होल्ट. लिथियमचा एक सेल पूर्ण भरला की ४.२ व्होल्ट देतो, त्यामुळे रेडिओ थेट त्याच्यावर चालतो. सेल चार्ज करणारी टीपी ४०५६ ची छोटी सर्किट पट्टी (संरक्षणवालीच घ्या) आणि मागच्या झाकणाला आतून चिकटवलेली, पॅडवरून वीज घेणारी चपटी रिसीव्हर कॉइल, एवढंच सामान. चार सेलवाल्याला सहा व्होल्ट लागतात. तिथे व्होल्टेज वाढवणारी पट्टी घालावी लागते आणि मीडियम वेव्हवर तीच किरकिर करते. मामांच्या रेडिओतून ती मी आठवड्यात उपटली. आता त्यात निकेल मेटल हायड्राइडचे चार पेन्सिल सेल आहेत, मोठ्या सेलच्या प्लॅस्टिक खोळीत घातलेले. भरतात ४.८ व्होल्टच, आवाज जरा दबतो, पण जळगाव आकाशवाणी स्वच्छ लागते.

तारेचं चार्जिंग स्वस्त आणि लवकर होणारं. पण यूएसबीसाठी कॅबिनेटला भोक पाडावं लागतं, आणि आबांच्या रेडिओवर ड्रिल धरायला माझा हात धजावला नाही. दुसरी मेख अशी, की जर्मेनियम ट्रान्झिस्टरच्या जुन्या सेटमध्ये बऱ्याचदा चॅसिसला, म्हणजे आतल्या पत्र्याच्या सांगाड्याला, प्लस जोडलेला असतो. सॉकेटचं पत्र्याचं अंग, म्हणजे मायनस, त्याला टेकलं की सेल थेट शॉर्ट. कॉइलमध्ये ही भीती नाही.

पॅडचे नखरे मात्र वेगळे. रेडिओ उताणा झोपवायचा, कव्हर काढायचं, कारण अंतर चार-पाच मिलिमीटरपुढे गेलं की चार्जिंग तुटतं. कव्हराचं एक लोखंडी बटण खाली आलं तरी पॅडचा दिवा लुकलुकत बसतो. पाठ पत्र्याची असेल तर विषयच सोडा. आणि चार्जिंग चालू असताना ऐकणं विसरा: पॅड साधारण ११० ते २०५ किलोहर्ट्‌झवर चालतो, त्याच्या पटी नेमक्या ५३१ ते १६०२ च्या मीडियम वेव्हमध्ये पडतात. १४० वर चालला तर पाचवी पट ७०० ला, सातवी ९८० ला. कॉइल फेराइटच्या दांडीजवळ, म्हणजे रेडिओच्या आतल्या अँटेनाजवळ, चिकटवण्याची चूक मी केली, तेव्हा तर स्टेशनऐवजी नुसती घरघर होती.

आता हिशेब बघा. बेताच्या आवाजात असा रेडिओ ४० मिलिअँपिअर खातो असं धरलं, तर २००० मिलिअँपिअर-तासांच्या सेलवर ५० तास, म्हणजे रोज चार तासांनी बारा दिवस. पॅडची गरज महिन्यातून दोन-तीनदा! तेवढ्यासाठी सेल काढून बाहेरच्या चार्जरला लावणं मला सोपं वाटतं. मामांचं तसंच चालतं. पॅड मी फक्त आबांच्या रेडिओला ठेवला, तोही भोक पाडायचं नाही म्हणून.

उन्हाळ्याचं तेवढं सांभाळा. पॅडवर कॉइल तापते, ४५ अंशांपुढे लिथियम सेल चार्ज करू नये, आणि आपल्याकडे मे महिन्यात दुपारचा पारा आधीच तिथे असतो. मी पहाटे लावतो, चहा होईपर्यंत हात लावून बघतो.

दिवाळी-दसऱ्यालाच रेडिओ काढणाऱ्याला साधे सेल पुरेत. फक्त ते आत विसरू नका. मामांच्या रेडिओची खालची स्प्रिंग मला हिरव्या गंजासकट चिमट्याने काढावी लागली होती.