तळ्यातला गांबुसिया: जाळं मारावं की तळं आटवावं?

परसातल्या तळ्यात कोणीतरी डासांसाठी म्हणून पिशवीभर 'गप्पी' मासे आणून सोडतं, आणि दोन पावसाळ्यांनी बेडकांचा आवाज बसतो. माझ्याकडे असंच झालं. आमचं तळं वेंगुर्ल्याच्या बाजूला, आगराच्या खालच्या अंगाला. जांभा खोदून केलेलं, बारा बाय पंधरा फुटांचं. पावसात छातीइतकं पाणी, मे महिन्यात गुडघाभर. आई एका रात्री पडवीत बसून म्हणाली, "औंदा बेडूक गेले खय रे?" तेव्हा मी पहिल्यांदा बॅटरी घेऊन काठावर बसलो.

पाणी करड्या माशांनी भरलेलं होतं. गप्पीचा नर रंगीत असतो, शेपटी फुलवून फिरतो. इथे एकही रंगीत मासा नव्हता. माद्या दोन इंचांच्या, तोंड वर वळलेलं, पोटाच्या मागच्या बाजूला काळा डाग. हा गांबुसिया. मूळचा अमेरिकेच्या दक्षिण भागातला, डासांच्या अळ्या खातो म्हणून 1928 साली आपल्याकडे आणलेला. जगातल्या सगळ्यात उपद्रवी 100 परक्या जिवांच्या यादीत आज त्याचं नाव आहे. अळ्या तो खातो, पण सोबत बेडकांची अंडी आणि पिल्लंही. आमच्या तळ्यावर वाकलेल्या अळवाच्या पानाला झाडबेडकाचं फेसाचं घरटं लागलं होतं. न्हाणीघरात भिंतीला चिकटून बसतो ना, तोच हा बेडूक. फेस विरघळला की पिल्लं टपटप खाली पाण्यात पडतात. मी समोर बसून पाहिलं. पडलेलं पिल्लू बोटभर खोल जायच्या आत तीन-चार गांबुसिया त्याच्या शेपटीला लागले. शेपटी गेली की पिल्लू जागच्या जागी गोल फिरत राहतं, आणि मग संपतं.

परका जीव म्हणजे काय, हे बेडकाकडूनच शिकावं. पहिल्या पावसात पिवळाधमक होऊन ओरडणारा आपला मोठा बेडूक अंदमानात माणसांनी नेला. आज तिथे त्याची पिल्लं तिथल्या बेडकांची पिल्लं खातात. इथे तो घरचा, तिथे उपरा. गांबुसियाचंही तेच, फक्त दिशा उलटी.

तर, काढायचा कसा? विष किंवा ब्लीचिंग पावडर मी विचारातच घेतली नाही. ते पाणी माडांना जातं आणि बाजूला विहीर आहे. राहिले दोन मार्ग, आणि मी दोन्ही करून पाहिले आहेत.

आधी जाळं. पाग, म्हणजे फेकायचं जाळं, उपयोगाचा नाही, त्याच्या आसांतून हे मासे सरळ निघून जातात. मच्छरदाणीचं कापड दोन बांबूंना बांधायचं, खालच्या काठाला शिशाचे मणी किंवा साखळी शिवायची आणि दोघांनी एका बाजूने ओढत न्यायचं. दुपारी ऊन असताना मासा वर आणि कडेला असतो, तेव्हा जाळं जास्त भरतं. पहिल्या रविवारी अर्धी बादली निघाली आणि मला वाटलं, महिन्याभरात काम फत्ते. पाणी जागच्या जागी राहतं, शिंपण चुकत नाही, खर्च म्हणाल तर एका मच्छरदाणीचा. जाळ्याच्या बाजूने हे सगळं खरं आहे.

पण गांबुसिया अंडी घालत नाही, जिवंत पिल्लं देतो. एका खेपेला पन्नासच्या आसपास, आणि उबदार पाण्यात तीन-चार आठवड्यांनी पुढची खेप. मादी नराचं बीज अंगात साठवून ठेवते, त्यामुळे चिऱ्यांच्या फटीत एकटी मादी राहिली तरी पुरते. मी अकरा रविवार जाळं ओढलं. मासे कमी झाले, संपले मात्र नाहीत. दिवाळीला गावात नव्हतो, परत आलो तर तळं पुन्हा होतं तसं.

तेही चाललं असतं. माझा जीव मेटाकुटीला आला तो परातीपाशी. जाळ्यात गांबुसियाबरोबर सगळंच येतं: पिकू (आपल्याकडचाच एक छोटा मासा), झिंगे, चतुराच्या अळ्या आणि उरलीसुरली बेडकांची पिल्लं. हे सगळं पाण्याच्या परातीत ओतायचं आणि चमच्याने वेगळं करायचं. मोठा पिकू ओळखता येतो, डोक्यावर चांदीचा ठिपका चमकतो. पण नखाएवढी पिकूची पिल्लं आणि नखाएवढी गांबुसियाची पिल्लं जवळून पाहिली तरी माझ्या डोळ्यांना सारखीच दिसत. परत सोडावं तर शत्रू सोडला, टाकावं तर आपलाच मासा मारला. आणि बेडकाचं पिल्लू इतकं मऊ असतं की मच्छरदाणीच्या धाग्याला घासलं तरी त्याची कातडी जाते. ज्यांना वाचवायला मी जाळं ओढत होतो, त्यांतलीच दर खेपेला दहा-बारा परातीच्या तळाशी पांढरी पडून राहायची. हे मला सहन झालं नाही. तुमच्या तळ्यात बेडकांची पिल्लं उरलीच नसतील, तर हा त्रास तुम्हाला होणारही नाही, हे मान्य.

म्हणून पुढच्या वर्षी तळं आटवलं. याला मुहूर्त एकच, अक्षय्य तृतीयेनंतर ते रोहिणी निघेपर्यंत. पाणी मुळातच खाली गेलेलं असतं, तळ्यात बेडकांची पिल्लं जवळजवळ नसतात, आणि पुढे मृगाचा पाऊस भरवशाचा. दोन दिवस आधी पिकूचे मोठे मासे, फक्त डोक्यावरचा ठिपका स्पष्ट दिसणारे, पाण्याने भरलेल्या पिंपात काढले. छोट्यांच्या फंदात पडलो नाही. त्याऐवजी पाणवनस्पतीच्या दोन जुड्या स्वच्छ पाण्यात तीन-चारदा खळबळून वेगळ्या टबात ठेवल्या. पिकू पाल्याला अंडी चिकटवतो, गांबुसियाची अंडी पाल्यावर असूच शकत नाहीत. आठवड्याभरात टबात टाचणीच्या डोक्याएवढे डोळे हलायला लागले, ते सगळे पिकूच. परातीत महिनोन् महिने जी निवड जमली नाही, ती इथे आपोआप झाली.

पंपाच्या फूटव्हॉल्व्हला मच्छरदाणीचं कापड दुहेरी गुंडाळलं आणि पाणी माडांच्या आळ्यांत सोडलं. वहाळात, म्हणजे ओढ्यात, एक थेंबही जाऊ देऊ नका, नाहीतर आपलं दुखणं गावाच्या गळ्यात. निम्म्या दिवसात तळ उघडा पडला. पण तळ उघडा पडला म्हणजे मासा मेला असं नाही. हा मासा गरम, कमी हवेच्या पाण्यातही वरच्या पातळ थरातून श्वास घेत तग धरतो. बैलाच्या खुराएवढ्या डबक्यात मला तिसऱ्या दिवशी सात जिवंत मासे सापडले. अशा डबक्यांत तेवढा चुना टाकला, तोही आधी हाताने चाचपून. सगळ्या तळाला चुना मारू नये असं माझं मत, कारण मोठे बेडूक उन्हाळ्यात चिखलात पुरून घेऊन असतात. गाळ काढताना खोऱ्याच्या टोकापाशी माती श्वास घेतल्यासारखी हलली. बोटांनी उकरलं तर मुठीत मावणार नाही एवढा बेडूक, डोळे मिटलेला. त्याला ओल्या गोणपाटात गुंडाळून केळीच्या बुंध्यात ठेवलं. त्यानंतर खोरं बाजूला ठेवून बाकीचा गाळ हातानेच काढला आणि माडांना घातला.

बारा दिवस तळ कोरडा राहिला, भेगा पडेपर्यंत. हे दिवस जड जातात. पोफळींना विहिरीवरून कळशीने पाणी घालावं लागलं, आणि मे महिन्यात आमच्या विहिरीला तेवढं पाणी होतं हे आमचं नशीब. ज्यांची वाडी पूर्ण तळ्यावरच आहे त्यांना मी आटवा म्हणणार नाही. तळाला जिवंत झरा असेल तरीही नाही, कारण ते पूर्ण कोरडं होणार नाही आणि अर्धवट आटवण्यात काही अर्थ नाही. मोठ्या शेततळ्याचंही गणित वेगळं. अशा ठिकाणी जाळंच बरं, पण ते दर आठवड्याला, न चुकता, आणि शक्यतो डिसेंबर ते मे, बेडकांची पिल्लं फारशी नसतात त्या काळात. मी जाळं श्रावणात ओढलं, तिथेच चुकलो असेन.

बाकी परसातल्या लहान तळ्यासाठी मला आता दुसरा विचार येत नाही. पिकू परत सोडले ते तळं भरून आठ दिवस झाल्यावर, पाण्यात एकही करडा मासा नाही याची खात्री करून. डास वाढतील ही भीती होती, पण पिकू आणि चतुराच्या अळ्या आपलं काम करतात. निदान आमच्या पडवीत मला तरी फरक जाणवला नाही.

त्या पावसाळ्यात अळवाच्या पानांवर फेसाची पाच घरटी लागली. काठावर बसून मोजली.

एक गोष्ट मात्र मृगाआधी करून ठेवा. सांडव्याच्या तोंडाशी बारीक जाळी बसवा, आणि ती दर दोन दिवसांनी पालापाचोळ्यापासून मोकळी करा. चढणीचे मासे वहाळातून शेतात येतात त्या दिवसांत पाणी दोन्ही बाजूंनी चालतं. खालच्या वहाळात गांबुसिया असेल, तर तो याच वाटेने वर येईल.