केसांचं ‘हॉर्मोन पॅकेज’ घ्यायला निघालेल्या बायकांसाठी

सांगली-मिरज रस्त्यावरच्या एका केसांच्या क्लिनिकनं माझ्याकडून ३८ हजार रुपये काढले. तक्रार चालू आहे म्हणून नाव लिहीत नाही. पण असली ‘हॉर्मोन पॅकेजं’ विकणारे एक-दोघेच थोडे आहेत, आणि सगळ्यांची बोलायची तऱ्हा सारखीच.

माझं वय ४२. भांग रुंद होत चालला होता. कपाळावरची केसांची रेघ जागच्या जागी, पण मधोमध टाळू दिसायला लागलेली. सासूबाईंचा ठाम निकाल होता, बोअरच्या पाण्यानं केस जातात. (क्षाराच्या पाण्यानं केस राठ होतात हे खरं, पण भांग असा रुंद होत नाही.) तेवढ्यात ‘मोफत हॉर्मोन तपासणी’ची जाहिरात दिसली.

तपासणी अशी: पांढऱ्या कोटातल्या मुलीनं पेनाएवढा कॅमेरा टाळूवर टेकवला आणि समोरच्या टीव्हीवर माझं डोकं भिंतभर पसरलं. एका छिद्रावर बोट ठेवून म्हणाली, “ताई, इथं तीन केस हवे होते, एकच आहे. मुळं झोपलीत. हॉर्मोनचा प्रॉब्लेम आहे. आत्ता नाही केलं तर मुळं कायमची मरतील.” पाळी कशी येते, मध्यंतरी ताप किंवा बाळंतपण झालं का, आईचे केस कसे होते, यातलं काही विचारलं नाही. तुम्ही डॉक्टर का, म्हटल्यावर “मी ट्रायकॉलॉजिस्ट.” म्हणजे केस-टाळूची तज्ज्ञ, पण हा शब्द कोर्स करून कुणालाही लावता येतो, त्याला एमबीबीएस लागत नाही.

मग “नोंदणीसाठी” ओटीपी मागितला. तो नोंदणीचा नव्हताच, एका फायनान्स कंपनीच्या कर्जाला संमती होती. घरी आल्यावर हप्त्याचा मेसेज आला तेव्हा कळलं. पावती मागितली तर कार्डावर पेनानं लिहिलेला आकडा आणि तळाशी बारीक अक्षरात ‘रक्कम परत मिळणार नाही’.

खरी कमाल पुढे आहे. त्यांनी दिलेल्या ‘हॉर्मोन बॅलन्स’ गोळीत १० मिलिग्रॅम बायोटिन, म्हणजे ब गटातलं एक जीवनसत्त्व, होतं. आपल्याला दिवसाला लागतं ते मायक्रोग्रॅममध्ये, तीस-चाळीसच्या आसपास. गोळ्या सुरू असतानाच त्यांच्या ओळखीच्या लॅबमध्ये रक्त घेतलं. टीएसएच (थायरॉइडला कामाला लावणारं हॉर्मोन) खाली, टी४ (थायरॉइडचं स्वतःचं हॉर्मोन) वर. “बघा, आम्ही म्हणालो नव्हतो? थायरॉइड वाढलाय, मोठं पॅकेज घ्यावं लागेल.”

तो रिपोर्ट घेऊन मी मिरजेच्या सरकारी रुग्णालयात त्वचा विभागात गेले. तिथल्या डॉक्टरांनी कागद बघून पहिला प्रश्न केला, “बायोटिन खाताय का?” थायरॉइडच्या बऱ्याच चाचण्या बायोटिनवरच चालतात, रक्तात ते जास्त असलं की यंत्र फसतं आणि निरोगी बाईला थायरॉइड वाढल्यासारखा दिसतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं याबद्दल २०१७ मध्येच इशारा दिला होता. गोळ्या थांबवून काही दिवसांनी पुन्हा रक्त दिलं, थायरॉइड अगदी नॉर्मल. कमी निघालं ते फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा.

डॉक्टरांनी मग नीट सांगितलं. भांग पुढच्या बाजूला जास्त रुंद होतो त्याला फीमेल पॅटर्न म्हणतात. त्यात बहुतेक बायकांची रक्तातली हॉर्मोन्स नॉर्मलच असतात. केसांची मुळंच पुरुषी हॉर्मोनला जास्त दाद देतात आणि केस हळूहळू बारीक होत जातो. माझ्या आईचाही भांग असाच होता, म्हणजे वारसा उघड आहे. पाळी अनियमित, हनुवटीवर राठ केस, न जाणारी मुरुमं असं असेल तर पीसीओएससाठी (अंडाशयाशी निगडित हॉर्मोनचा विकार) हॉर्मोनच्या चाचण्या करतात, सरसकट सगळ्यांच्या नाही. आणि मोठा ताप, डेंग्यू, बाळंतपण यांनंतर दोन-तीन महिन्यांनी मुठीमुठीनं गळतात ते केस बहुतेक वेळा आपोआप परत येतात. अशा बाईला पॅकेज विकलं की श्रेय आपोआप क्लिनिकला.

मला लोहाच्या गोळ्या आणि मिनॉक्सिडिल दिलं. ते मूळचं रक्तदाबाचं औषध, टाळूवर लावतात. सुरुवातीचे काही आठवडे केस उलट जास्त गळतात, हे आधीच सांगितलं म्हणून घाबरले नाही. फरक कळायला चार ते सहा महिने, आणि सोडलं की मिळवलेलं जातं. गरोदरपणात आणि अंगावर पाजताना चालत नाही. केस महिन्याला जेमतेम एक सेंटिमीटर वाढतो, तेव्हा ‘३० दिवसांत घनदाट’ कुठून येणार?

त्यांच्या भिंतीवरचे आधी-नंतरचे फोटोही आता कळतात. ‘आधी’च्या फोटोत केस ओले, भांग मधोमध, उजेड वरून. ‘नंतर’च्या फोटोत केस वाळवून फुलवलेले, भांग बाजूला. माझेच दोन फोटो त्यांनी असे काढले होते, एकाच दुपारी.

पैशांचं म्हणाल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार केल्यावर क्लिनिकचा सूर बदलला. औषधांचे कापून उरलेले देऊ म्हणतात, अजून दिलेले नाहीत. हप्ता मात्र दर महिन्याला कापला जातो, कारण कर्ज देणाऱ्या कंपनीचा हिशेब वेगळा. तेवढ्यात नाही मिटलं तर जिल्हा ग्राहक आयोगात जाणार आहे. पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला फी नाही, पण घटनेपासून दोन वर्षांच्या आत करावी लागते. ओटीपीचा मेसेज, गोळ्यांचं रिकामं पाकीट, लॅबचा रिपोर्ट आणि ते पेनानं लिहिलेलं कार्ड, सगळं फाइलला लावून ठेवलंय. तुमच्याकडं असलं काही असेल तर टाकू नका.