काच वितळवायची टेबलावरची भट्टी: आठ महिन्यांनंतर

गेल्या महिन्यात ओळीने तीन फायरिंग, म्हणजे भट्टीत काच तापवण्याच्या फेऱ्या, वाया गेली. प्रोग्रॅम नेहमीचाच, टॅक फ्यूज (तुकडे चिकटतात, पण उठाव राहतो), स्क्रीनवर ७४० अंश. बशीवर उठून दिसायला हवेत ते काचेचे ठिपके पार सपाट होऊन आत बुडालेले, आणि तळाला किल्न वॉशचा (काच शेल्फला चिकटू नये म्हणून लावायच्या लेपाचा) पांढरा खरखरीत थर चिकटलेला. सगळी बुल्सआय कंपनीची ९० सीओईची काच (सीओई म्हणजे तापल्यावर काच किती प्रसरण पावते त्याचा आकडा). तिच्या एकेका तुकड्याचा मी हिशेब ठेवते, त्यामुळे जीव हळहळला.

सर्व्हिसवाल्याने भट्टी चालू करून पाहिली आणि सांगितलं, "मॅडम, मशीन ओके आहे, तुमची काच खराब आहे." व्हिजिटचे ९०० रुपये घेतले. वॉशचाच दोष असेल म्हणून मी त्याऐवजी काचेखाली घालायचा शेल्फ पेपर आणला. तो एका फायरिंगला एकदाच चालतो, म्हणजे तोही खर्च माथी.

दोष निघाला थर्मोकपलचा, म्हणजे भट्टीतलं तापमान मोजणाऱ्या कांडीचा. नवीन असताना त्याचं टोक भिंतीच्या विटेतून भट्टीच्या आत अडीच सेंटिमीटर पुढे आलेलं होतं. मागचा स्क्रू सैल पडून ते सरकत सरकत विटेच्या पातळीला गेलं. विटेत दडलेलं टोक तापमान कमी दाखवतं, कंट्रोलर भट्टी आणखी तापवत राहतो. स्क्रीनवर ७४०, आत मात्र जवळजवळ फुल फ्यूज, म्हणजे सगळी काच वितळून एकजीव होण्याइतकी उष्णता! प्लग काढून टोक पुढे ढकललं, स्क्रू आवळला. पुढच्याच फायरिंगला ठिपके मोत्यासारखे वर.

म्हणून एक स्टार द्यायचा विचार बदलला. बाकी भट्टी खरंच चांगली आहे. सहा मिलिमीटर जाडीच्या बशीला ४८२ अंशांवर तासभर ठेवून सावकाश थंड करते, आजवर एकही तडकलेली नाही. मीटर पाहिला तर एका फायरिंगला सातेक युनिटं. काचवाल्याकडची खिडकीच्या काचेची कात्रणंही यात छान वाकतात. फक्त ती ९० च्या काचेत मिसळू नका, आणि त्यांचं अ‍ॅनीलिंग (थंड करताना मधे एका तापमानावर थांबवणं) बरंच वर, ५५० च्या आसपास ठेवा.

पण एवढ्या किमतीच्या भट्टीत थर्मोकपलला एक धड क्लॅम्प नाही, हे मला अजून पटत नाही. मॅन्युअलमध्येही त्याबद्दल एक ओळ नाही. मी विटेवर पेन्सिलीने खूण केली आहे आणि दर वेळी झाकण लावण्याआधी पट्टीने मोजते. काल कानातल्यांच्या दहा जोड्या काढल्या, दहाही विकायला ठेवता येतील अशा. ते ९०० रुपये मात्र मी परत मागितले आहेत, अजून उत्तर नाही.