कोबाल्टचे चुंबकीय थर: कोणता बाथ घ्यावा, फिल्म करावी की नॅनोतारा?

छत्रपती संभाजीनगर वा नांदेडच्या विद्यापीठात, किंवा लातूर-परभणीकडच्या एखाद्या महाविद्यालयात चुंबकीय थरांवर काम सुरू करणाऱ्याला स्पटरिंग (निर्वातात आयनांच्या माऱ्याने धातूचे अणू उडवून ते पृष्ठभागावर बसवणे) आणि विद्युतविलेपन (द्रावणातून वीज सोडून धातूचा थर बसवणे) यांतून आधी निवड करावी लागते. स्पटरिंगने काचेवरही काही नॅनोमीटरचा स्वच्छ थर बसतो. मात्र त्यासाठी चांगली निर्वात यंत्रणा लागते आणि कोबाल्टचे टार्गेट (ज्या चकतीतून अणू उडवायचे ती) स्वतःच चुंबकीय असल्यामुळे ते मॅग्नेट्रॉनचे, म्हणजे यंत्रातल्या चुंबकांचे, क्षेत्र गिळून टाकते, म्हणून पातळच ठेवावे लागते. विलेपनाला विद्युतवाहक पृष्ठभाग हवा, एवढी अट सोडली तर खर्च फारच कमी येतो. एका चौरस सेंटिमीटरवर एक कूलॉम प्रभार गेला की, पूर्ण कार्यक्षमता धरल्यास, सुमारे 0.34 मायक्रोमीटर कोबाल्ट बसतो. म्हणजे 10 मिलीअँपिअरला एक मायक्रोमीटरसाठी जेमतेम पाच मिनिटे लागतात. साधनांची अडचण असलेल्या विभागाने विलेपनच निवडावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

खरी निवड पुढे, बाथच्या, म्हणजे विलेपनाच्या द्रावणाच्या, बाबतीत करावी लागते. क्लोराइड बाथची विद्युतवाहकता चांगली असते, कमी व्होल्टेजवर काम भागते आणि कोबाल्टचा अ‍ॅनोड त्यात सहज विरघळतो. पण त्यातून बसलेल्या थरात अंतर्गत ताण जास्त राहतो, त्यामुळे थर जाड होऊ लागला की त्याला तडे जातात किंवा तो कडेने सुटतो. शिवाय प्लॅटिनमचा अ‍ॅनोड वापरल्यास त्यावर क्लोरीन सुटू शकतो, जो बंद खोलीत मुळीच परवडणारा नाही. सल्फेट बाथमध्ये ताण कमी राहतो; ज्याला कोबाल्टचाच अ‍ॅनोड वापरायचा आहे त्याने, अ‍ॅनोड निष्क्रिय पडू नये म्हणून, त्यात थोडे कोबाल्ट क्लोराइड मिसळावे. वाळूज किंवा चिकलठाण्याच्या एमआयडीसीत निकेल प्लेटिंग पाहिलेल्या माणसाला हे मिश्रण ओळखीचेच वाटेल. नवख्याने सल्फेटच घ्यावे.

मात्र बाथच्या नावापेक्षा पीएचकडे अधिक लक्ष द्यायला हवे, आणि नेमकी इथेच बहुतेकांची हयगय होते. कोबाल्टचे प्रमाण विभव उणे 0.28 व्होल्ट असल्याने कॅथोडवर (ज्या ध्रुवावर थर बसतो त्यावर) त्याच्याबरोबर हायड्रोजनही सुटतो. हायड्रोजन आयन खर्ची पडल्याने कॅथोडलगतचा पीएच वाढतो, तेथे हायड्रॉक्साइड तयार होऊन थरात अडकते आणि थर काळपट, ठिसूळ होतो. बोरिक अ‍ॅसिड घालतात ते हा पीएच सावरण्यासाठी. पीएच फार उतरला, दोनच्या आसपास गेला, तर घनाकृती रचनेचा कोबाल्ट अधिक प्रमाणात मिळू लागतो. चारच्या पुढे षट्कोनी रचना वरचढ ठरते. षट्कोनी रचनेत चुंबकनाची सोपी दिशा स्फटिकाच्या मुख्य अक्षाशी बांधलेली असते, घनाकृतीत तशी एकच दिशा नसते. त्यामुळे सारख्याच जाडीच्या दोन थरांचे हिस्टेरिसिस वक्र (चुंबकीय क्षेत्र बदलताना थराचे चुंबकन कसे बदलते ते दाखवणारे आलेख) वेगळे निघाले, तर विद्युतधारेला दोष देण्याआधी पीएचच्या नोंदी तपासाव्यात.

मराठवाड्यात आणखी दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. बोअरचे पाणी जड असते, म्हणून बाथ डीआयोनाइज्ड (क्षारांचे आयन काढलेल्या) पाण्यातच करावा. दुसरे असे की सप्तजलीय कोबाल्ट सल्फेट कोरड्या हवेत स्फटिकजल सोडते. मे महिन्यात सैल झाकणाच्या बाटलीतले गुलाबी स्फटिक फिके, भुकटीसारखे दिसू लागले की तेवढेच वजन घेऊनही कोबाल्ट ठरल्यापेक्षा जास्त पडतो.

फिल्म (सपाट थर) की नॅनोतारा (नॅनोमीटर जाडीच्या तारा), याचे उत्तर मोजमापाच्या सोयीवरून ठरवावे. फिल्मसाठी तांब्याचा पत्रा उत्तम. पोलाद किंवा निकेलच्या पत्र्यावर थर घेतला, तर व्हीएसएममध्ये (चुंबकन मोजणाऱ्या यंत्रात) पत्र्याचाच संकेत कोबाल्टवर कुरघोडी करतो. नॅनोतारांसाठी सच्छिद्र अ‍ॅल्युमिना किंवा पॉलिकार्बोनेटचे पटल लागते; त्याच्या छिद्रांत तारा वाढतात. अ‍ॅल्युमिना ऑक्झॅलिक अ‍ॅसिडमध्ये 40 व्होल्टला प्रयोगशाळेतच बनवता येतो आणि त्यातील छिद्रांच्या केंद्रांमधले अंतर सुमारे 100 नॅनोमीटर येते. मसुदा आणि सातो यांनी 1996 मध्ये मांडलेली दोन टप्प्यांची पद्धत (पहिला थर काढून दुसऱ्यांदा बनवणे) वापरल्यास छिद्रे बरीच सुबक होतात. तारेच्या आकारामुळे येणारी दिशासापेक्षता (ठरावीक दिशेनेच चुंबकन सोपे असणे) आणि षट्कोनी कोबाल्टची स्फटिकजन्य दिशासापेक्षता एकाच पातळीच्या असतात. पीएच चारच्या जवळ ठेवल्यास स्फटिकाचा अक्ष तारेला आडवा बसून दोन्हींत रस्सीखेच होते, सहाच्या जवळ तो तारेच्या लांबीत येऊन दोन्ही एकमेकांना साथ देतात. कोबाल्टवरचे सर्वांत रंजक काम इथेच आहे.

तरीही पटलाची एक बाजू सोन्याने वा चांदीने वाहक करण्याची सोय जवळपास नसेल, तर आधी तांब्यावरच्या फिल्मवर पीएच आणि धारा घनतेचा अभ्यास पूर्ण करावा. वापरलेला बाथ मात्र बेसिनमध्ये ओतू नये: कॉस्टिक सोड्याने कोबाल्ट हायड्रॉक्साइडचा साका खाली बसवावा आणि तो घातक कचरा म्हणून स्वतंत्र साठवावा.