कांग यात्से-2: डिसेंबरचं बुकिंग, ऑगस्टची चढाई आणि उरलेला हिशेब

बुकिंग केलं डिसेंबरात, डोंगरावर गेले ऑगस्टात आणि लिहायला बसतेय आता, दिवाळी आटोपल्यावर. मुद्दाम थांबले. आल्या आल्या लिहिलं असतं तर निम्मं रडगाणं झालं असतं आणि निम्मं बर्फाचं कौतुक.

निकाल आधीच सांगते. शिखर झालं नाही. लडाखमधल्या कांग यात्से-2 या 6,250 मीटरच्या शिखराच्या साधारण 300 मीटर खालून परत फिरले. पाय चालत होते, डोकं दुखत नव्हतं, हवाही साथ देत होती. तरी फिरावं लागलं. का, ते पुढे येईलच. मोहिमेवर नेणारी कंपनी निवडताना मी नेमकं काय विचारायला हवं होतं ते मला तिथे कळलं.

मी अमळनेरची, वय 43, आमचं मेडिकलचं दुकान आहे. डोंगराशी संबंध म्हणाल तर दोन वर्षांपूर्वी धनत्रयोदशीला अस्तंब्याच्या यात्रेला गेले होते. सातपुड्यातली ती रात्रीची वाट, पुढे-मागे हजारो माणसं आणि वर जखमेला तेल मागत फिरणारा अश्वत्थामा. लोक नवस फेडायला जातात, मी नणंदेला सोबत म्हणून गेले आणि येताना खूळ घेऊन आले. वर्षभर यू-ट्यूबवर लडाख पाहिलं. लडाखचंच स्टोक कांग्री शिखर 2020 मध्ये बंद झालं, त्यामुळे पहिलं सहा हजारी शिखर म्हणून बरेच जण आता मारखा खोऱ्यातल्या कांग यात्से-2 कडे वळतात. मीही वळले.

पाच कंपन्यांना फोन केले. पाचही जणांनी "मॅडम, फिटनेस आहे ना?" एवढंच विचारलं. हिमोग्लोबिन कोणी विचारलं नाही. माझं 10.4 निघालं. अख्ख्या गावाला लोहाच्या गोळ्या विकणारी बाई स्वतः 10.4 वर! विरळ हवेत रक्ताने ऑक्सिजन वाहून न्यायचा असतो, त्यात वाहणारंच कमी असेल तर काय होणार? डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या, गोळीच्या आगेमागे चहा बंद केला (चहाने लोह अंगी लागत नाही, हे मी गिऱ्हाइकांना रोज सांगते आणि स्वतः गोळीनंतर पाच मिनिटांत कप तोंडाला लावत होते). 12.6 वर यायला चार महिने लागले. बायांनो, बुकिंगच्या आधी ही तपासणी करा. शेवटच्या महिन्यात करून उपयोग नाही.

सरावाचं सांगायचं तर अमळनेर म्हणजे सपाट. बोरी नदीच्या पात्राशिवाय चढ-उतार नाही. रोज पहाटे पाचला दुकानावरचा जिना. पाठीवर सॅक, सॅकमध्ये पाण्याचे पाच-पाच लिटरचे दोन कॅन. रविवारी धुळ्याजवळचा लळिंगचा किल्ला, महिन्यातून एकदा मनुदेवीच्या बाजूचे सातपुड्याचे डोंगर. वर पोचलं की कॅनमधलं पाणी ओतून द्यायचं आणि रिकाम्या पाठीने उतरायचं, म्हणजे गुडघे वाचतात. ही युक्ती पुण्याच्या एका गिर्यारोहक बाईंनी सांगितली आणि सगळ्या तयारीत तिचाच उपयोग सर्वांत जास्त झाला. फक्त एप्रिल-मे महिन्यांत लळिंगवर पाणी ओतताना खाली बसलेला गुराखी माझ्याकडे ज्या नजरेने बघायचा, ती विसरणार नाही.

44 डिग्रीत बर्फाचे बूट पायाला सरावायचे, हा वेगळाच तमाशा. दुहेरी बूट म्हणजे बाहेर कडक कवच आणि आत काढता येणारा गरम बूट. सासूबाईंनी खोकं उघडून पाहिलं आणि म्हणाल्या, "माय, बुटना मझार आखो बूट?" मी रात्री दहानंतर ते घालून गच्चीवर तासभर फेऱ्या मारायचे. खालच्या बिऱ्हाडाने दुसऱ्याच आठवड्यात तक्रार केली.

बूट मी जुने घेतले, 14 हजारांना. लेहला भाड्याने मिळतात, पण माझा पाय पाच नंबरचा आणि फोनवर प्रत्येक दुकानदार सातपासून सुरुवात करत होता. जुने घ्यायचे तर एक सांगते. पूर्ण प्लास्टिकच्या कवचाचे फार जुने बूट स्वस्तात मिळतात, ते घेऊ नका. प्लास्टिक वर्षानुवर्षांत आतून कुजतं, वरून चकचकीत दिसतं आणि थंडीत एक दिवस तडकतं. माझे तसे नव्हते. आठ महिन्यांत एका टाचेचा डिंक सुटला, तो मी निघण्याआधी चांभाराकडून लावून घेतला. तो टिकला. मात्र क्रॅम्पॉन, म्हणजे बुटाखाली लावायचे लोखंडी काटे, कंपनीचे होते आणि त्यांची मागची कडी माझ्या टाचेवर नीट बसत नव्हती. बेस कॅम्पला अर्धा तास मापं जुळवण्यात गेला. लेहलाच बसवून पाहायला हवे होते.

बाकी सामानाचं थोडक्यात. पिसांचं जाकीट भाड्याने घेतलं, वास होता, ऊब होती. नळीने पाणी प्यायची पिशवी घेऊन गेले ते चुकलं, शिखराच्या रात्री पंधरा मिनिटांत नळी गोठली. साधा थर्मास कामी आला. हेडलॅम्पचे सेल थंडीत दगा देतात, जादा सेल छातीशी आतल्या खिशात ठेवा. खायला नेलेली चिक्की दगड झाली, राजगिऱ्याचे लाडू चालले. जळगावचे केळीचे वेफर्स लेहला पोचेपर्यंत पाकिटासकट फुगून फुटबॉल झाले होते. आणि लसूण-शेंगदाण्याची चटणी! 5,000 मीटरवर भूक मरते, ताट बघवत नाही, तिथे खिचडीवर ही चटणी घातली की चार घास जायचे. तिसऱ्या दिवसापासून डबा माझा राहिला नाही, अख्ख्या तंबूचा झाला.

जळगावहून पंजाब मेलने दिल्ली, तिथून विमानाने लेह. आमचं जळगाव समुद्रसपाटीपासून जेमतेम 200 मीटर, लेह 3,500. दीड तासाच्या विमानप्रवासात शरीराला काही कळायच्या आत तुम्ही तिथे. पहिल्या दिवशी बोटावरच्या यंत्रात ऑक्सिजन 86 दाखवत होता. दुकानात कुणाचा 86 आला असता तर मी रिक्षा बोलावली असती. तिथे गाइडने बघितलं, "ठीक है दीदी, पानी पियो" म्हणाला आणि पुढच्याकडे वळला.

डायमॉक्सबद्दल, म्हणजे उंचीच्या त्रासावरच्या गोळीबद्दल, सगळे विचारतात. मला डॉक्टरांनी 125 मिलिग्रॅम सकाळ-संध्याकाळ दिली होती. बोटांना मुंग्या येतात, लघवीला सारखं जावं लागतं आणि सोड्याची, फसफसणारी पेयं बेचव लागतात. ती दुखणं लपवणारी गोळी नाही, श्वास वाढवून शरीराला सरावायला मदत करते. पण सल्फाची ॲलर्जी असेल तर डॉक्टरांना आधी सांगा, आणि गोळी चालू आहे म्हणून वर जात राहायचं असं नाही. त्रास वाढला तर औषध एकच, खाली उतरणं. मेडिकलवाली सांगतेय, कमिशन नाही.

आता कार्यक्रमाकडे येते. चिलिंगकडून स्क्यू, मारखा, हांकर, थाचुंगत्से आणि मग बेस कॅम्प. खोरं फार सुंदर आहे, त्याचे फोटो सगळीकडे आहेत. मला बोलायचंय ते उंचीच्या उडीबद्दल. 3,000 मीटरच्या वर झोपायची उंची एका रात्रीत 500 मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, असा सर्वसाधारण नियम आहे. थाचुंगत्से सुमारे 4,200 आणि बेस कॅम्प सुमारे 5,100. म्हणजे एका दिवसात 900. आमच्या कंपनीने त्यावर उतारा म्हणून बेस कॅम्पला एक दिवस विश्रांतीचा ठेवला होता. तो दिवस दोरीचा सराव, बर्फकुऱ्हाड धरून घसरणं थांबवायचा सराव, यातच गेला. विश्रांती कसली? रात्री झोपेत श्वास मध्येच थांबायचा आणि मग दचकून धापा टाकत जाग यायची. एवढ्या उंचीवर ते बऱ्याच जणांना होतं, हे मला माहीत होतं. माहीत असणं आणि अंधारात तंबूत एकटीने ते भोगणं यात फरक आहे.

आमच्यातल्या एका विशीच्या मुलाला त्या दिवसापासून डोकेदुखी होती. तो कोणाला सांगत नव्हता. मला कळलं, कारण तो माझ्याकडे गोळी मागायला आला. मी गोळी दिली नाही, गाइडला सांगितलं. गाइडने तपासलं, संध्याकाळपर्यंत त्याला बरं वाटलं आणि तो रात्री निघाला. ही गोष्ट मला अजून डाचते. मी आणखी जोर लावायला हवा होता का?

रात्री साडेअकराला निघालो. आम्ही 9 जण. कंपनीच्या माहितीपत्रकात "दर 3 जणांमागे 1 गाइड" लिहिलं होतं. मी डिसेंबरात ते वाचून खूश झाले होते. शिखराच्या रात्री प्रत्यक्ष दोरीवर गाइड दोन. तिसरा "गाइड" म्हणजे आमचा स्वयंपाकी, भला माणूस, पण तो खाली तंबूत होता. मोजणीत धरलेला. दोन दोऱ्या पडल्या, एकावर चार, दुसऱ्यावर पाच. मी पाचांच्या.

सकाळी 6:40 ला, घड्याळात 5,950 दाखवत असताना, तो मुलगा दोनदा गुडघ्यावर बसला. उलटी झाली. गाइडने त्याला जरा सपाट जागी आणलं आणि एका पावलाच्या चवड्याला दुसऱ्याची टाच लावत सरळ चालून दाखव म्हणाला. तो दारू प्यायल्यासारखा झोकांड्या खायला लागला. मेंदूला सूज चढायची ती खूण. गाइडने वर शिखराकडे पाहिलंसुद्धा नाही. "सब नीचे." एकच गाइड, एकच दोरी, त्या बर्फाच्या उतारावर आम्हा चौघांना सोडून त्याला जाता येणार नव्हतं. दुसरी दोरी बरीच पुढे होती. त्यातले चौघे शिखरावर पोचले. आम्ही पाच उतरलो.

त्या गाइडला मी पैकीच्या पैकी देते. जन्मभर देईन. मुलगा थाचुंगत्सेपर्यंत उतरवल्यावर संध्याकाळी सावरला, दुसऱ्या दिवशी चालत होता.

पण मग मी विचारलं, आपल्या कार्यक्रमात राखीव दिवस आहे ना, उद्या पुन्हा प्रयत्न करूया? तेव्हा कळलं की राखीव दिवस लेहलाच संपला होता. दोघांचं विमान रद्द झालं म्हणून सगळे एक दिवस थांबलो होतो, तो त्यातून वजा. 12 पानांच्या अटींत आठव्या पानावर तसं छापलेलंही आहे. खरं सांगायचं तर लेहमधल्या त्या जादा दिवसाचा मला फायदाच झाला, डोकं हलकं झालं. पण राखीव म्हणून विकलेला दिवस वरच्या हवामानासाठी असतो असं मी समजत होते.

परत आल्यावर कंपनीला सविस्तर मेल लिहिला. उत्तर आलं, "तुमची सुरक्षितता हीच आमची प्राथमिकता" आणि पुढच्या मोहिमेवर 20 टक्के सूट. गाइडच्या संख्येबद्दल एक ओळ नाही. कंपनीला पाचात दोन गुण, त्यातला एक जेवणासाठी. इंडियन माउंटेनियरिंग फाउंडेशनच्या परवानगीचे कागद त्यांनी वेळेवर काढले, तंबू कोरडे होते, हिशेबात लपवाछपवी नव्हती, हेही लिहायला हवं. विम्याचं मात्र त्यांनी सांगितलं नाही. माझी आधीची पॉलिसी 4,500 मीटरपर्यंतच होती, ते मी स्वतः बारीक अक्षरं वाचून शोधलं आणि दुसरी काढली.

पुढच्या जुलैसाठी परत फोन सुरू केलेत. आता भाव शेवटी विचारते. आधी विचारते, शिखराच्या रात्री दोरीवर बांधलेले गाइड किती, स्वयंपाकी सोडून. एक जण आजारी पडला तर बाकीच्यांना घेऊन कोण जाणार. राखीव दिवस कुठल्या ठिकाणी मोजला जातो. आणि थाचुंगत्से ते बेस कॅम्प यांच्या मध्ये कुठे एक रात्र घालता येईल का. दोन कंपन्यांनी "मॅडम, डिटेल्स व्हॉट्सॲप करतो" म्हणून फोन ठेवला, अजून आलेले नाहीत. तिसरीने सहा जणांमागे तीन गाइड सांगितले आणि माझ्या आधीच्या खर्चापेक्षा 18 हजार जास्त. घरी बोलले. हे म्हणाले, दे. सासूबाई म्हणाल्या, "तठे काय ठेयेल शे, एकदाव सांग तरी." मी अजून सांगू शकलेले नाही.

बूट माळ्यावर आहेत, आतला आणि बाहेरचा वेगवेगळा करून, मध्ये वर्तमानपत्राचे बोळे भरून. जाकीट परत केलं. क्रॅम्पॉन या वेळी स्वतःचे घेणार आहे, ते आधी माझ्या टाचेवर बसवून पाहूनच.