स्प्रिंगफील्डचे लिंकन निवास आणि ज्युनिअर रेंजर उपक्रम : मुलांना घेऊन जाणाऱ्या पालकांसाठी

मुलांना अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांचा इतिहास दाखवायचा असेल, तर भव्य स्मारकांआधी एखाद्या राष्ट्राध्यक्षाचे राहते घर दाखवावे, असे माझे ठाम मत झाले आहे. इलिनॉय राज्याच्या राजधानीत, स्प्रिंगफील्डमध्ये, अब्राहम लिंकन यांचे जे घर नॅशनल पार्क सर्व्हिसने (राष्ट्रीय उद्याने आणि ऐतिहासिक स्थळे सांभाळणाऱ्या सरकारी संस्थेने) जपले आहे, ते या कामासाठी उत्तम आहे. शिकागो परिसरातील मराठी कुटुंबांना ते मोटारीने साडेतीन तासांच्या आसपासच्या अंतरावर पडते आणि घर पाहण्यास कोणतेही शुल्क नाही. लिंकन यांचे थोरले चिरंजीव रॉबर्ट यांनी १८८७ मध्ये हे घर राज्याच्या स्वाधीन करताना ते नीट राखावे आणि लोकांना विनामूल्य पाहू द्यावे, अशी अट घातली होती. १९७१ मध्ये या परिसराला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला, तरी त्या अटीचा मान आजही राखला जात आहे, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

ज्युनिअर रेंजर हा उपक्रम नॅशनल पार्क सर्व्हिसच्या बहुतेक सर्व ठिकाणी चालतो. व्हिजिटर सेंटरमध्ये मागितल्यावर मुलाला एक पुस्तिका मिळते. परिसरात फिरताना पाहून, विचारून आणि चित्रे काढून पूर्ण करायच्या गोष्टी तिच्यात असतात, आणि बहुतेक ठिकाणी त्यांतील किती करायच्या हे मुलाच्या वयावर ठरते. पुस्तिका पूर्ण झाली की रेंजर, म्हणजे पार्क सर्व्हिसचे तेथील कर्मचारी, ती तपासतात, मुलाला उजवा हात वर करून शपथ घ्यायला लावतात आणि बिल्ला देतात. हा उपक्रम प्रामुख्याने शाळकरी मुलांसाठी असला, तरी मोठ्यांनाही त्यात भाग घेता येतो. भारतातून आलेले आजी-आजोबा सोबत असतील, तर त्यांच्याही हाती एक पुस्तिका अवश्य द्यावी, कारण नातवंडांबरोबर उत्तरे शोधण्यात त्यांचा वेळ नुसते मागे मागे चालण्यापेक्षा कितीतरी चांगला जातो.

या पुस्तिकेमुळे मूल घराकडे पुरावा म्हणून पाहू लागते, आणि माझ्या मते हाच या उपक्रमाचा खरा लाभ आहे. लिंकन यांनी हे घर १८४४ मध्ये विकत घेतले, तेही ज्या धर्मगुरूंनी दोन वर्षांपूर्वी त्यांचे लग्न लावले होते त्यांच्याकडूनच. लिंकन यांच्या मालकीचे हे एकमेव घर. तेव्हा ते दीड मजल्यांचे होते. कुटुंब वाढले, वकिलीत जम बसला आणि १८५६ पर्यंत वरचा मजला पूर्ण बांधून झाला. हे सारे पुस्तकात एका ओळीत संपते, परंतु प्रत्यक्ष घरात उभे राहिलेल्या मुलाला खाली पाहुण्यांसाठी सजवलेला दिवाणखाना, वर मुलांची खोली आणि लिंकन यांच्या शयनगृहातील लिहिण्याचे लहानसे मेज दिसते, आणि या घरातले लोक कसे राहत असतील याचा अंदाज ते स्वतः बांधू लागते. जिन्याचा कठडा लिंकन यांच्या काळचा आहे आणि तो धरून वर जाता येते. इतर बहुतेक वस्तूंना हात लावण्यास मनाई असल्यामुळे मुलांना या कठड्याचे विशेष अप्रूप वाटते. याच दिवाणखान्यात १९ मे १८६० रोजी रिपब्लिकन पक्षाच्या शिष्टमंडळाने येऊन लिंकन यांना त्यांच्या राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीची अधिकृत वार्ता दिली. याच घरात त्यांचे तीन मुलगे जन्मले आणि त्यांपैकी एडी चार वर्षांचा होण्याआधीच १८५० मध्ये येथेच वारला. मुले ही माहिती गंभीरपणे ऐकतात. ती त्यांच्यापासून लपवण्याची गरज नाही.

महाराष्ट्रात शिकलेल्या आपल्या पिढीची लिंकन यांच्याशी पहिली ओळख बहुधा शाळेच्या भिंतीवर लावलेल्या, मुलाच्या मुख्याध्यापकांना लिहिलेल्या त्या प्रसिद्ध पत्रातून झालेली असते. ते पत्र सुंदर आहे, पण लिंकन यांच्या संग्रहित लेखनात असे कोणतेही पत्र सापडत नाही. माझ्या वडिलांना हे त्या घराच्या अंगणात समजले, तेव्हा त्यांना वाईट वाटले, मग नातीने त्यांना, “आजोबा, मग हे लिंकननेच लिहिलं असं पहिल्यांदा कोणी सांगितलं?” असे विचारले. पुस्तिकेने तिला दिवसभर ‘हे आपल्याला कशावरून कळते’ असे विचारायची सवय लावली होती, तिचाच हा परिणाम होता. इतिहास शिकवणाऱ्या कोणत्याही साधनाकडून याहून अधिक अपेक्षा मी ठेवणार नाही.

घराभोवतीच्या चार ब्लॉकच्या परिसरातही पुरेसा वेळ काढावा. लाकडी फळ्यांच्या पदपथांवरून चालताना शेजाऱ्यांची घरे दिसतात. डीन आणि आर्नल्ड या कुटुंबांच्या घरांत प्रदर्शने आहेत. मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती मात्र एक मोकळी जागा. तेथे जेमसन जेंकिन्स या स्वतंत्र कृष्णवर्णीय गृहस्थांचे घर होते. ते मालवाहू घोडागाडी चालवत. गुलामगिरीतून निसटून आलेल्या लोकांना त्यांनी १८५० मध्ये मदत केली होती, आणि ११ फेब्रुवारी १८६१ रोजी वॉशिंग्टनला निघालेल्या लिंकन यांना रेल्वे स्थानकावर पोहोचवणारेही तेच होते. घर उरलेले नसल्यामुळे अनेक पर्यटक न थांबता पुढे जातात. पालकांनी येथे मुद्दाम थांबावे आणि गुलामगिरीच्या प्रश्नावर झगडणाऱ्या भावी राष्ट्राध्यक्षाचा शेजारी कोण होता, हे मुलांना सांगावे. राष्ट्राध्यक्षांचा इतिहास एकट्या राष्ट्राध्यक्षाचा नसतो, हे येथे जितके स्पष्ट होते तितके घराच्या आत होत नाही.

उपक्रमाच्या मर्यादाही सांगणे आवश्यक आहे. ज्युनिअर रेंजरच्या पुस्तिका सर्वत्र सारख्या दर्जाच्या नसतात. काहींमध्ये अक्षरकोडी आणि रंगवायची चित्रे इतकी असतात, की ती जागा न पाहताही पाने भरता येतात. दुसऱ्या एका ऐतिहासिक स्थळी आमच्या मुलीची पुस्तिका न उघडताच तिला बिल्ला देण्यात आला आणि तिचा हिरमोड झाला, कारण तिला आपली उत्तरे कोणाला तरी सांगायची होती. उपक्रमाचे यश तपासणाऱ्या व्यक्तीने मुलाशी दोन मिनिटे बोलण्यावर अवलंबून असते, त्यामुळे रेंजरांभोवती गर्दी असेल तेव्हा थोडे थांबावे. सहा वर्षांखालील मुलांना बरीचशी पाने कोणीतरी वाचून दाखवावी लागतात. ती मराठीतून समजावण्यास काहीच अडचण नाही. उलट त्यामुळे गप्पा अधिक रंगतात.

स्प्रिंगफील्ड मुलांना आवडले, तर पुढच्या सुट्टीत केंटकीतील हॉजेनव्हिलचे जन्मस्थान पाहावे. तेथील स्मारकाला लिंकन यांच्या आयुष्यातील वर्षांइतक्या, म्हणजे ५६ पायऱ्या आहेत आणि मुले त्या मोजल्याशिवाय राहत नाहीत. आत ठेवलेली ओंडक्यांची झोपडी ही त्यांच्या जन्माची मूळ झोपडी नसून प्रतीकात्मक आहे, असे पार्क सर्व्हिस स्वतःच सांगते; हा प्रामाणिकपणा मुलांच्या नजरेस आणून द्यावा. लिंकन सातव्या वर्षापासून एकविसाव्या वर्षापर्यंत इंडियानात जेथे वाढले, तेथील शेतही पाहण्यासारखे आहे.

स्प्रिंगफील्डला जाताना सकाळी लवकर पोहोचावे, कारण घराच्या फेरीची विनामूल्य तिकिटे व्हिजिटर सेंटरमध्ये ठरावीक वेळांची मिळतात आणि उन्हाळी सुट्टीत गर्दी असते. वाहनतळाचे पैसे मात्र द्यावे लागतात. आधी पुस्तिका घ्यावी, मग शेजारची घरे पाहावीत आणि घराची फेरी त्यानंतर करावी, म्हणजे मुले प्रश्न तयार ठेवून आत जातात. शहरातील लिंकन ग्रंथालय व संग्रहालय ही वेगळी, सशुल्क संस्था आहे. लहान मुलांना त्याच दिवशी तेथेही नेल्यास ती दमून जातात, म्हणून शक्य असल्यास एक रात्र मुक्काम करावा.